ओल्या बोटाचा रिपोर्ट

या जगात खरं बोलणारी वस्तू एकच उरली आहे, आणि ती मी आहे. माणूस खोटं बोलतो, आरसा डाव्याचं उजवं करतो, घड्याळ मागं पडतं. मी मात्र बोट जिथं टेकलं तिथंच टेकलं असं सांगतो. अपवाद इतकाच, की बोट ओलं असेल, चार्जर बसस्टँडसमोरच्या गाड्यावरचा असेल किंवा वरून पाण्याचे थेंब पडले असतील, तर मी वाट्टेल ते बरळतो. बाकी वेळी माझा शब्द म्हणजे शब्द.

मित्रांनो, मी एका जुन्या मोबाईलचा टच आहे. जाहिरातीत मला टचस्क्रीन म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात नुसतं 'टच' म्हणतात, तेही बहुधा 'गेला' या क्रियापदासोबतच. निपाणीजवळच्या बोरगावात आप्पाण्णा नावाच्या शेतकऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात माझी वर्षं चालली आहेत. त्यातल्या एका महिन्याचा मला अजून राग आहे. मला आवाज नाही म्हणून तो चढत नाही, एवढंच.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथं धूळ नव्हती, वारा नव्हता आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. काचेच्या पोटात त्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांची जाळी घातली. वडगावच्या विणकरांच्या मागावर आडवे-उभे धागे असतात तशी. त्या जाळीत इवलीशी वीज खेळत असते. बोट आलं की ते त्यातली चिमूटभर ओढून घेतं. कुठल्या उभ्या आणि कुठल्या आडव्या तारेवर वीज कमी पडली ते मी बघतो आणि वर कळवतो. बोट टेकलं. बोट सरकलं. बोट उचललं. माझ्या भाषेत एवढी तीनच वाक्यं आहेत. सोबत जागा, वेळ आणि बोटानं किती काच व्यापली ते. बोट कुणाचं, ते का टेकलं, बोटाच्या पलीकडचा माणूस बरा आहे का, यातलं मला काही कळत नाही आणि मी नसत्या चौकश्या करत नाही. त्या करायला अ‍ॅप असतात.

दाबाचंही सांगून टाकतो. दाब मला कळतच नाही. बोट पसरलं तर जागा जास्त व्यापतं, तेवढंच मी सांगतो. माझ्या वर बसलेल्या सिस्टीमनं त्याच आकड्याला 'दाब' असं नाव ठेवलं, आणि अ‍ॅपनं नाव वाचून विश्वास ठेवला. त्यामुळं ज्याचं बोट जाड तो माणूस जोरात दाबतो, असा शास्त्रीय निष्कर्ष निघतो. बरंचसं विज्ञान असं नावावरच पुढं चाललेलं असतं.

पहिली काही वर्षं मी अभिनंदनकडं होतो. अभिनंदन हा आप्पाण्णांचा मुलगा. नोकरी बेळगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, पण बसायचा बोरगावच्या घरात, माडीवर. त्यानं नवा फोन घेतला आणि मला वडिलांना दिलं. मुलानं टाकलेला फोन वडील घेतात; वडिलांनी टाकलेला सदरा मुलगा गाडी पुसायला घेतो. आपल्याकडं वस्तू अशा फिरतात.

आप्पाण्णांचा जन्म तंबाखूच्या उठाठेवीत गेलेला. पावत्या, नोटा, पोत्यांवरच्या चिठ्ठ्या, जे काही उलटायचं ते जिभेला बोट लावून उलटायचं. या भागात ते कुणी शिकवत नाही, चालायला यावं तसं येतं. मी हातात आल्यावर त्यांनी बघितलं, याचीही पानं बोटानंच सरकतात. मग विचार करायचं कारणच उरलं नाही. आधी जिभेला बोट, मग मला. भाव बघायचा, बोट ओलं. फोन लावायचा, बोट ओलं. ओलं बोट मला एकदा लांबडं दिसतं, एकदा दुतोंडी दिसतं, आणि उचलल्यावरही थोडा वेळ तिथंच बसल्यासारखं वाटतं. मी सहन करत होतो. माणूस चांगला होता.

सकाळी मात्र हे व्हायचं नाही. अंघोळ करून, हात धुऊन, पंच्याला पुसून ते माझ्यावर जैन पुराणाची पानं उघडत. शास्त्राला उष्टं बोट लावायचं नाही, हा त्या घरातला नियम. मग शास्त्र कागदावर असो नाहीतर काचेवर. त्या वेळी त्यांचं बोट कोरडं असायचं आणि टेकलं की टेकलं. गवंड्याचा ओळंबा सुटावा तसं सरळ सरकायचं. इतकं नीट बोट मी अभिनंदनचंही पाहिलं नव्हतं. त्याचं बोट नेहमी कुठून तरी निसटून चालल्यासारखं.

आणि संध्याकाळी निपाणी. तिथं आप्पाण्णांची थोरली बहीण, गुणाबाई. पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली, आणि डोळ्यांनी अक्षर दिसेना झालेलं. आप्पाण्णा रोज स्कूटरवरून जायचे, हात धुवायचे आणि माझ्यावरची अक्षरं मोठी करून तिला वाचून दाखवायचे, ते अंधार पडल्यावरच परतायचे. ऐकणं हे माझं खातं नाही, ते खालच्या भोकात बसलेल्या मायक्रोफोनचं. पण शेजारधर्म म्हणून तो सगळं सांगतो, आणि दिसलेलं कॅमेरा सांगतो.

"कुठवर आलतो गं आक्का?"

"राजा दीक्षा घ्यायला निघालता. राणी रडत हुती."

"मग आज एक पान रडू दे तिला. घाई न्हाय."

"तुझ्या वाचण्यात ती लई रडतीया आप्पा. पुस्तकात एवढं नसंल."

ही बहीण-भावाची संध्याकाळ. दिवसभर बाजारभाव आणि लग्नपत्रिका दाखवणाऱ्या काचेला ती बरी वाटायची.

मग अभिनंदननं अ‍ॅप केलं. त्याला नाव दिलं 'हातगुण'. माणसानं पडद्यावरची गोल-गोल रेघ बोटानं गिरवायची. अ‍ॅप माझ्याकडून आलेल्या नोंदी वाचणार आणि हातात कंप आहे का, कंपवाताची सुरुवात आहे का, ते सांगणार. कल्पना वाईट नव्हती. वाईट कल्पनेनं एवढं नुकसान होतही नाही.

तपासायला घरातलाच म्हातारा हवा होता. अभिनंदननं आप्पाण्णांना माडीवर बोलावलं. माझी बॅटरी उतरली होती म्हणून मी चार्जिंगला होतो, आणि चार्जर तोच, निपाणी बसस्टँडसमोरचा. तो माझ्या तारांत खरखर सोडतो, लग्नात माईकवाला वायर लावताना सगळा मांडव दचकतो तशी.

"अण्णा, ही जिलेबी गिरवा. मधून सुरू करून बाहेर या."

"गिरवून कुणाचं पोट भरलंय रं?"

"टेस्ट आहे. हाताची."

"हाताची टेस्ट आमची शेतात हुती रोज," असं म्हणून आप्पाण्णांनी जिभेला बोट लावलं आणि जिलेबीवर ठेवलं.

मी माझं काम केलं. बोट इथं आहे. नाही, इथं आहे. थांबा, दोन बोटं आहेत. आता एकच आहे, पण भाकरीएवढं. एका म्हाताऱ्याचं बोट क्षणात शेंगेएवढं आणि क्षणात भाकरीएवढं होतं, हे मी ओरडून सांगत होतो. शंका यायला एवढं पुरेसं होतं. पण बोटाच्या आकाराचा रकाना अभिनंदननं वाचायलाच घेतला नव्हता. शिवाय मी सेकंदाला शंभरावर नोंदी पाठवतो. सिस्टीम त्यांची गाठोडी बांधून अ‍ॅपच्या हातात देते. त्याच्या अ‍ॅपनं प्रत्येक गाठोड्यातली वरची एक नोंद घेतली आणि गाठोडं फेकून दिलं. दर दहावं पान वाचून पुराण सांगायला बसावं, आणि राणी का रडते हे कळलं नाही म्हणून तिला वेड लागलंय असं जाहीर करावं, तसलाच प्रकार.

रिपोर्ट आला. 'मध्यम कंप. वाहन चालवू नये.' बाजूला हिरव्या पानाचं चित्र.

"कंप म्हंजे?"

"हात थरथरतो तुमचा."

आप्पाण्णांनी हात पुढं धरला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "न्हाय की रं."

"डोळ्यांना नाही दिसत अण्णा. सुरुवातीला मशीनलाच कळतं."

मित्रांनो, त्या मशीनमध्ये मी होतो. मला काही कळलं नव्हतं. मी तीन वाक्यं बोललो होतो, तीही अडखळत. त्यांचं चौथं वाक्य कुणी केलं, कुठल्या हिशेबानं केलं, आणि ते माझ्या तोंडी का घातलं, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. साक्षीदार म्हणतो, अंधारात काहीतरी हललं. आणि निकालपत्रात येतं, साक्षीदारानं खून होताना पाहिला.

स्कूटरची किल्ली अभिनंदननं काढून घेतली आणि त्रिशलाच्या कपाटात ठेवली. त्रिशला त्याची बायको, गावातल्या शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "मामांना एकदा डॉक्टरांना तरी दाखवू या."

दाखवलं. निपाणीच्या डॉक्टरांनी आप्पाण्णांना सही करायला लावली, पेला धरायला लावला, चालायला लावलं, आणि म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहेत.

"डॉक्टर बघून सांगतात," अभिनंदन घरी आल्यावर म्हणाला. "अ‍ॅप मोजून सांगतं."

किल्ली कपाटातच राहिली. मोजणाऱ्यापुढं बघणारा नेहमीच गावठी दिसतो.

"मी सोडतो तुम्हाला निपाणीला, दर रविवारी," असंही तो म्हणाला. पहिल्या रविवारी त्याची मीटिंग आली. दुसऱ्या रविवारी अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. संध्याकाळची बस निपाणीला न्यायची, पण परत आणायची नाही. शेजारचे मारुतीराव आले, म्हणाले, "आप्पाण्णा, हात कापतोय म्हणं तुमचा. मग दूध सोसायटीच्या मीटिंगला हात वर कराय आमीच व्हय?" थट्टा झाल्यावर त्यांनी एक दिवस आपल्या मोटारसायकलवरून आप्पाण्णांना निपाणीला नेलं. मारुतीरावांचा मोतीबिंदू चांगला पिकलेला होता आणि समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर त्यांना आवाजावरून ओळखावा लागायचा. पण त्यांच्या घरात कुणी अ‍ॅप केलेलं नव्हतं, त्यामुळं गाडी चालवायला त्यांना कुणाची हरकत नव्हती. त्या दिवसानंतर आप्पाण्णा पुन्हा त्यांच्या मागं बसले नाहीत.

फोनवरून वाचून बघितलं. पण गुणाबाईंकडं फोन नव्हता, सुनेचा होता. राजानं राज्य सोडलं की तिकडं कुकरची शिट्टी व्हायची आणि सून फोन घेऊन स्वयंपाकघरात जायची. बराच वेळ आप्पाण्णा भाजीला पुराण सांगत बसायचे.

आणि मग ते घडलं, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आप्पाण्णांचं सकाळचं बोट बदललं. कोरडं होतं, धुतलेलं होतं, पण टेकायच्या आधी ते माझ्यावर अधांतरी थांबायला लागलं. टेकलं तर उगाच जास्त वेळ टेकून राहायचं, आपण कापतोय का हे बघत. चहाचा पेला ते दोन्ही हातांनी धरायला लागले. मारुतीरावांशी बोलताना हात मांडीखाली ठेवायला लागले. ज्या माणसाला रोज सांगितलं जातं की तुझा हात थरथरतो, तो हात किती दिवस गप्प बसेल? आधी रिपोर्ट आला. थरथर त्याच्या मागून चालत आली.

एकदा त्यांनी मला हातात धरून, कुठलंही पान न उघडता, मायक्रोफोनला ऐकू जाईल इतक्याच आवाजात विचारलं, "खरंच कापतोय व्हय रं?" मी बोट टेकलं एवढंच कळवू शकत होतो. तेही त्यांना नाही, सिस्टीमला.

महिना झाला. अभिनंदननं पुन्हा तपासणी काढली. रविवारची सकाळ. मला त्यानं स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावलं, जिलेबीचं पान उघडून ठेवलं आणि वडिलांना हाक मारणार इतक्यात त्याचाच फोन वाजला म्हणून तो माडीवर गेला. त्रिशला शेजारीच नळाखाली भेंडी धूत होती. तिनं भेंडीची चाळणी झटकली.

पाण्याचे थेंब माझ्या अंगावर पडले. खालून चार्जरची खरखर, वरून पाणी. मी जे बरळलो ते सांगायलाही मला लाज वाटते. शेवटी थेंब ओघळून काठावर गेले, अ‍ॅपला वाटलं जिलेबी झाली, आणि रिपोर्ट आला. त्रिशलानं हात पुसून तो वाचला. मग जिन्याखाली जाऊन हाक मारली.

"अहो, खाली या. रिपोर्ट आलाय."

"अण्णांचा? गिरवलं त्यांनी?"

"मामा अंघोळीला गेलेत. तुम्ही या तर."

अभिनंदन आला आणि त्यानं वाचलं. 'तीव्र कंप. वाहन चालवू नये. रुग्णास एकटे सोडू नये.' त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलंच होतं. वाढलंय. कुणाचं आहे हे?"

"भेंडीचं."

"काय?"

"भेंडी धुतली, पाणी उडालं. कुणी बोट लावलेलं नाही. आता भेंडीला एकटी सोडायची नाही म्हणतंय. फोडणीला टाकू का तुम्ही सोबत बसताय?"

अभिनंदन म्हणाला, ही अपवादात्मक परिस्थिती आहे. पाणी पडल्यावर काय होणार. माणसाचं बोट वेगळं.

"मग तुमचं बोट ठेवा," त्रिशला म्हणाली. "पण मामांच्या पद्धतीनं. आधी जिभेला लावा."

"जिभेला? का?"

त्रिशलानं भेंडीची चाळणी खाली ठेवली. "तुमचे वडील फोनला बोट कसं लावतात ते तुम्हाला ठाऊक नाही?"

त्याला ठाऊक नव्हतं. बापाच्या बोटाच्या हजारो नोंदी त्याच्याकडं होत्या. बोट त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं जिभेला बोट लावलं, जिलेबी गिरवली आणि स्वतःचा रिपोर्ट वाचला. तीव्र कंप.

"तुमच्या गाडीची किल्ली कुठंय?" त्रिशलानं विचारलं. "माझ्या कपाटात जागा आहे अजून."

इतक्यात आप्पाण्णा अंघोळ करून आले. अभिनंदननं मला चार्जरमधून काढलं, पुसलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "अण्णा, कोरड्या बोटानं एकदा गिरवा. आता बरोबर येईल."

आणि ते बोट कापलं. थोडंसंच, पण कापलं. मी कोरडा होतो, चार्जर सुटलेला होता, बहाणा काही नव्हता. जे होतं ते मला सांगावंच लागलं. 'सौम्य कंप.' खरं बोलण्याचा मला त्या दिवशी जेवढा वैताग आला, तेवढा कधी आलेला नाही.

"बघ," अभिनंदन म्हणाला. "थोडं तरी आहेच."

"महिनाभर सांगताय तुम्ही त्यांना," त्रिशला म्हणाली. "पहिलीतल्या पोराला महिनाभर सांगा तुला वाचता येत नाही. बघा येतं का." मग ती सासऱ्यांकडं वळली. "मामा, तुमचं सकाळचं वाचायचं राहिलंय न्हवं? बसा तुम्ही. हे बंद करा आधी."

हातगुण बंद झालं. आप्पाण्णा पाटावर बसले आणि त्यांनी पुराण उघडलं. पहिल्या पानाला बोट अडखळलं. दुसऱ्याला कमी. पुढं राजा अरण्यात गेला, आप्पाण्णा त्याच्या मागं गेले, आणि हाताकडं बघायचं विसरले. बोट टेकलं. बोट सरकलं. बोट उचललं. अभिनंदन दाराला टेकून उभा होता. त्याच्या हातात मोजायला काही नव्हतं, म्हणून तो बघत होता. बराच वेळ बघत होता. अ‍ॅप बंद असल्यामुळं या सगळ्याची नोंद कुठंच झालेली नाही.

त्रिशलानं कपाट उघडलं आणि किल्ली आणून पाटाशेजारी ठेवली. कुणी माफी वगैरे मागितली नाही. आपल्या घरांतून ती पद्धत नाही. अभिनंदन एवढंच म्हणाला, "सावकाश चालवा अण्णा," आणि माडीवर गेला.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू काहीतरी मागणं मागते, म्हणून मीही मागतो. मला कोरड्या हातानं वापरा, चार्जर बरा घ्या, आणि पाण्याजवळ ठेवू नका. पण हे जमलं नाही तरी चालेल. माझी काच फुटली तर निपाणीत नवी बसते. दुसरं जमवा. माझ्याकडून आलेला आकडा हा आकडाच आहे. तो माणूस नव्हे. कुणाच्या हाताबद्दल काही ठरवायचं असेल तर आधी तो हात आपल्या हातात घ्या. थरथरत असेल तर कळेल. नसेल तरी काही बिघडणार नाही. आणि जे मी बोललो नाही ते माझ्या नावावर खपवू नका. मला कोर्टात जाता येत नाही म्हणून काहीही लिहायचं, ही रीत बरी नाही.

त्याच संध्याकाळी आप्पाण्णांनी मला खिशात घातलं आणि स्कूटर काढली. निपाणीला पोचले, हात धुतले, पुसले आणि बहिणीच्या खाटेशी बसून मला बाहेर काढलं.

"आलास व्हय आप्पा?" गुणाबाई म्हणाल्या.

"आलो आक्का. किल्ली मिळाली. वाचू न्हवं?"

"राहू दे रं. नातवानं नवा फोन आणून दिलाय. आपोआपच वाचतोय. लई झ्याक वाचतोय, मधी खोकत न्हाय. ते पुराण कवाच संपलं, आता दुसरं लावलंय." त्यांनी उशाशी चाचपून त्याचा आवाज थोडा कमी केला. "बस की. दिवस मावळायच्या आत चहा घे."

आप्पाण्णा चहा घेऊन उजेड असतानाच बोरगावला परत आले.